जुन्या संगणकाची भाषा : डॉस कार्यप्रणालीचा परिचय व दोषनिवारण

समजा, एखाद्या कार्यालयातील दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीस कुटुंब निवृत्तिवेतनासाठी १९९३ ते १९९६ या काळातील वेतनाची नोंद हवी आहे. त्या वर्षांच्या वेतनपटांचा गठ्ठा पावसाच्या पाण्याने भिजून वाया गेला आहे. मात्र त्या काळी वेतनपट संगणकावर तयार होत असत आणि तो संगणक अडगळीच्या खोलीत अद्याप आहे, असे एका ज्येष्ठ लिपिकास आठवते. यंत्र बाहेर काढून सुरू केले जाते. काळ्या पडद्यावर इंग्रजीतील दोन ओळी उमटतात आणि पुढे काहीच घडत नाही. चित्रे नाहीत, माऊसचा बाण नाही. ‘यंत्र नादुरुस्त’ असा शेरा पडतो आणि ते निर्लेखनाच्या यादीत जाते. त्याबरोबर ती नोंदही जाते.

वस्तुतः असे यंत्र नादुरुस्त असतेच असे नाही. पडद्यावरील त्या दोन ओळींत नेमके काय अडले आहे हे यंत्राने सांगितलेले असते; वाचणारा मात्र जवळ नसतो. जुन्या दप्तरातील मोडी कागद समोर असूनही मोडी वाचणारा नसेल तर जी अडचण होते, तीच ही अडचण होय. फरक एवढाच की, मोडी शिकण्यास काही महिने लागतात. या यंत्राची भाषा कामापुरती शिकण्यास काही दिवस पुरतात. ज्यांच्या ताब्यात असे यंत्र अथवा फ्लॉपींची जुनी पेटी आहे, त्या अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांसाठी हा पाठ आहे.

डॉस म्हणजे काय

संगणकाची यंत्रसामग्री आणि आपण वापरतो त्या आज्ञावल्या यांच्यामध्ये राहून कारभार पाहणारी व्यवस्था म्हणजे कार्यप्रणाली. कोणती फाइल कोठे ठेवली, स्मृतीचा कोणता भाग कोणास दिला, छपाईयंत्राकडे मजकूर केव्हा पाठविला, हे सारे ती पाहते. कार्यालयातील आवक-जावक लिपिक, भांडारपाल आणि शिपाई या तिघांचे काम ती एकटी करते असे म्हणता येईल.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट कंपनीने जी कार्यप्रणाली पुरविली तिचे मूळ टिम पॅटरसन यांनी सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीत लिहिले होते. हीच पुढे एमएस-डॉस या नावाने जगभर पसरली. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत हार्ड डिस्क आणि फाइलींचे कप्पे, म्हणजे डिरेक्टरी, यांची सोय झाली. १९९१ च्या पाचव्या आवृत्तीत पुसलेली फाइल परत मिळविण्याची आज्ञा आली. १९९४ ची ६.२२ ही आवृत्ती स्वतंत्रपणे विकली गेलेली शेवटची ठरली.

या प्रणालीत चित्रांवर बोट ठेवून काम होत नाही. पडद्यावर ‘सी’ हे अक्षर, अपूर्णविराम, उलटी तिरपी रेघ आणि बाणाचे टोक उमटते. याला ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात. ‘मी तयार आहे, आज्ञा द्यावी’ एवढाच त्याचा अर्थ. ‘सी’ म्हणजे हार्ड डिस्क. ‘ए’ आणि ‘बी’ म्हणजे फ्लॉपीच्या खाचा. फाइलीचे नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचे आणि त्यापुढे टिंब देऊन तीन अक्षरांचे असते. म्हणूनच जुन्या फाइलींची नावे तुटक व दुर्बोध दिसतात. ती कोणी निष्काळजीपणाने दिलेली नसतात.

प्रथम शिकावयाच्या आज्ञा

आज्ञा रोमन लिपीत टंकित करून ‘एंटर’ कळ दाबावयाची असते. येथे त्या अक्षरांच्या उच्चारानुसार दिल्या आहेत. अक्षरे लहान असोत वा मोठी, डॉसला दोन्ही सारखीच.

‘व्हीईआर’ ही आज्ञा डॉसची आवृत्ती सांगते. कोणत्या सोयी उपलब्ध आहेत हे आवृत्तीवर अवलंबून असल्याने प्रथम हीच द्यावी. ‘डीआयआर’ दिल्यास त्या कप्प्यातील फाइलींची यादी, प्रत्येकीचा आकार, दिनांक व वेळ मिळते. यादी भरभर वर सरकून जात असेल तर त्यापुढे तिरपी रेघ व ‘पी’ लिहावे. मग एकेक पडदा थांबून दिसतो. ‘सीडी’ ही कप्पा बदलण्याची आणि ‘एमडी’ ही नवा कप्पा उघडण्याची आज्ञा होय. ‘टाइप’ या आज्ञेने साध्या मजकुराची फाइल पडद्यावर वाचता येते आणि ‘कॉपी’ने फाइलीची प्रत निघते. कप्प्याच्या आतील कप्प्यांसह सर्व काही उचलावयाचे असेल तर ‘एक्सकॉपी’ वापरून पुढे तिरपी रेघ व ‘एस’ असे लिहावे.

या आज्ञांनी मूळ नोंदीस सहसा धोका पोहोचत नाही. तथापि ‘कॉपी’ देताना आधी मूळ फाइलीचे आणि नंतर प्रतीचे ठिकाण लिहावयाचे असते, हा क्रम विसरू नये. क्रम उलटला तर जुनी प्रत मूळ फाइलीवर बसते, आणि जुन्या आवृत्त्या तसे करण्यापूर्वी विचारतही नाहीत.

तीन आज्ञा मात्र नवशिक्याने अजिबात देऊ नयेत : पुसणारी ‘डीईएल’, तबकडी नव्याने आखणारी ‘फॉरमॅट’ आणि हार्ड डिस्कचे विभाग पाडणारी ‘एफडिस्क’. अडलेले यंत्र ‘फॉरमॅट’ने बहुधा चालू होते, परंतु ज्यासाठी ते चालू करावयाचे ती नोंदच हाती उरत नाही. घर झाडण्यासाठी घर जाळण्यातला हा प्रकार आहे.

यंत्र कोठे अडले ते पाहावे

डॉसचे यंत्र ठरलेल्या पायऱ्यांनी सुरू होते. ते कोणत्या पायरीवर थांबले हे कळले की निम्मे निदान झाले. दोषनिवारणाचे खरे मर्म हेच आहे.

पहिली पायरी यंत्राच्या आत्मपरीक्षणाची. वीज मिळताच यंत्र आपली स्मृती मोजते, कळफलक तपासते आणि सारे ठीक असल्यास बहुतेक यंत्रांत एक लहानसा ‘बीप’ आवाज होतो. दिवाही लागत नसेल तर वायर, प्लग व वीजपुरवठ्याचा डबा पाहावा. दिवा लागतो, पण पडदा कोराच राहतो आणि आवाज पुनःपुन्हा येतो, असे झाल्यास स्मृतीच्या अथवा पडद्याच्या कार्डाची बैठक सैल झालेली असू शकते. प्लग काढून, कार्ड हलक्या हाताने काढून पुन्हा नीट बसविल्याने अशी कित्येक यंत्रे चालू होतात. अनेक वर्षे बंद असलेले यंत्र मात्र थेट वीज जोडून सुरू करू नये. ते आधी कोरड्या जागी ठेवावे, आतील धूळ काढावी आणि वीजपुरवठ्याचा डबा जाणकाराकडून तपासून घ्यावा.

दुसरी पायरी यंत्राच्या टिपणवहीची. आपल्याला कोणती हार्ड डिस्क जोडली आहे आणि आज दिनांक काय, हे यंत्र एका लहान बॅटरीच्या बळावर लक्षात ठेवते. बॅटरी संपली की ही वही कोरी होते. डॉसची दिनगणना १ जानेवारी १९८० पासून सुरू होत असल्याने यंत्र १९८० हे वर्ष दाखवू लागले, तर प्रथम बॅटरीचा संशय घ्यावा. याच कारणाने हार्ड डिस्कही ‘हरवते’. ती जळालेली नसते. यंत्राला तिचा विसर पडलेला असतो. बॅटरी बदलून डिस्कचे आकडे पुन्हा भरल्यास ती बहुधा सापडते. हे आकडे अनेकदा डिस्कच्या वरील चिठ्ठीवर छापलेले असतात; ते उतरवून घेऊन यंत्राच्या बाहेरील बाजूस चिकटवून ठेवावेत. काही जुन्या यंत्रांत बॅटरी मुख्य पाटीवरच झाळलेली असते. ती पाझरली तर आतील द्रव तांब्याच्या रेषा खातो, म्हणून साठवणीतील यंत्र उघडून तेवढी एक गोष्ट अवश्य पाहावी.

तिसरी पायरी तबकडी शोधण्याची. यंत्र सामान्यतः आधी ‘ए’ खाचेत पाहते आणि तेथे काही नसेल तर ‘सी’कडे वळते. ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ असा संदेश आला की पुष्कळदा कारण क्षुल्लक असते : आदल्या वेळची फ्लॉपी खाचेतच राहिलेली असते. ती काढून कोणतीही कळ दाबली की काम पुढे सरकते. आरंभी सांगितलेल्या दोन ओळी बहुधा याच संदेशाच्या असतात. ज्या यंत्रावर ‘नादुरुस्त’ असा शेरा पडला, त्याला कदाचित एवढेच हवे होते.

चौथी पायरी दोन सूचनापत्रांची. ‘कॉन्फिग डॉट सिस’ आणि ‘ऑटोएक्झेक डॉट बॅट’ या फाइलींत यंत्राने सुरू होताना काय काय करावे हे लिहिलेले असते. त्यातील एखादी ओळ चुकीची असली किंवा ओळीत नमूद केलेली फाइल नाहीशी झालेली असली, तर यंत्र तेथेच अडखळते. डॉसच्या सहाव्या आवृत्तीपासून यावर सुंदर उपाय आहे. ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’ ही ओळ दिसताच ‘एफ ५’ कळ दाबली की दोन्ही सूचनापत्रे वगळली जातात. ‘एफ ८’ दाबली तर यंत्र प्रत्येक ओळीपूर्वी परवानगी विचारते आणि दोषी ओळ आपोआप उघडी पडते.

या सर्व पायऱ्या पार पडल्यावर प्रॉम्प्ट येतो. तो आला म्हणजे यंत्र शाबूत आहे. यापुढील अडचण फाइलीची किंवा आज्ञेची आहे.

संदेशांचा अर्थ

‘बॅड कमांड ऑर फाइल नेम’ या संदेशाने पुष्कळांना धास्ती वाटते. त्याचा अर्थ एवढाच की, टंकित केलेली आज्ञा डॉसला सापडली नाही. एखादे अक्षर चुकले असेल किंवा ती आज्ञावली दुसऱ्या कप्प्यात असेल. ‘फाइल नॉट फाउंड’ म्हणजे त्या नावाची फाइल त्या कप्प्यात नाही. ती पुसली गेली असा त्याचा अर्थ नव्हे. ‘नॉट रेडी’ म्हणजे खाचेत फ्लॉपी नाही किंवा खाचेची खिट्टी लावलेली नाही.

‘राइट प्रोटेक्ट’ हा संदेश दोष दाखवीत नाही, तो संरक्षण दाखवितो. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातील खिडकी उघडी असेल तर तीवर काही लिहिता येत नाही. सव्वापाच इंची फ्लॉपीत याच्या नेमके उलट असते : कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की ती सुरक्षित होते. जुनी फ्लॉपी हाती येताच, खाचेत घालण्यापूर्वीच, तिला हे कुलूप लावावे.

‘ॲबॉर्ट, रिट्राय, फेल’ असे तीन पर्याय विचारले जातात तेव्हा तबकडी वाचण्यात खंड पडलेला असतो. प्रथम दोन-तीनदा ‘आर’ दाबून पुन्हा प्रयत्न करावा. फ्लॉपी काढून दुसऱ्या यंत्रात घातल्यासही ती कधी कधी वाचली जाते, कारण दोन यंत्रांच्या वाचकडोक्यांच्या ठेवणीत सूक्ष्म फरक असतो. कोकणासारख्या दमट हवेत फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरते. आवरणाच्या फटीतून पांढुरके डाग दिसले तर ती फ्लॉपी यंत्रात घालू नये. बुरशी वाचकडोक्यास चिकटते आणि पुढील निरोगी फ्लॉपीही खराब होते.

तबकडीची तपासणी करणारी ‘चेकडिस्क’ ही आज्ञा सी, एच, के, डी, एस, के अशी लिहितात. नुसती दिली तर ती केवळ अहवाल देते. पुढे तिरपी रेघ व ‘एफ’ लिहिले तर ती दुरुस्तीस हात घालते. ६.२ या आवृत्तीपासून तिच्या जोडीला ‘स्कॅनडिस्क’ ही अधिक काळजीने काम करणारी आज्ञावली मिळते. कोणतीही असो, आधी अहवाल घ्यावा, मग प्रती काढाव्यात आणि त्यानंतरच दुरुस्ती करावी.

पुसलेली फाइल

चुकून फाइल पुसली गेली तरी धीर सोडू नये. डॉस फाइल पुसते म्हणजे यादीतील तिच्या नावाचे पहिले अक्षर खोडते आणि तिने व्यापलेली जागा मोकळी झाल्याची नोंद करते. प्रत्यक्ष मजकूर, त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, तबकडीवर तसाच असतो. म्हणून चूक लक्षात येताच त्या तबकडीवर नवे काहीही साठवू नये. पाचव्या व सहाव्या आवृत्तीत ‘अनडिलीट’ ही आज्ञा द्यावी. ती नावाचे हरवलेले पहिले अक्षर विचारते. ते सांगितले की फाइल बहुधा परत येते. घाबरून यंत्रावर अनेक प्रयोग करणाऱ्याची फाइल जाते, हात आवरून थांबणाऱ्याची वाचते.

विषाणूंची बाधा

जुन्या फ्लॉपींत संगणक-विषाणू असण्याचा संभव असतो. त्यांतील एकाचे नाव मराठी वाचकास ओळखीचे वाटेल. ‘जोशी’ नावाचा विषाणू १९९० साली भारतात आढळला. तो तबकडीच्या अगदी आरंभीच्या भागात दडून बसे. ५ जानेवारीस यंत्र सुरू केले की ते अडून बसे आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ हे शब्द टंकित करण्यास सांगे. तसे केल्यावरच काम पुढे चाले. अशा विषाणूंचा प्रसार खाचेत विसरलेल्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू झाल्याने होई. म्हणून यंत्र बंद करताना फ्लॉपी काढून ठेवण्याची शिस्त पाळावी आणि जुन्या फाइली नव्या संगणकावर नेताच त्यांची विषाणुतपासणी करावी.

मराठी मजकूर विचित्र दिसतो तेव्हा

महाराष्ट्रातील दप्तरांच्या दृष्टीने हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. डॉस मूलतः रोमन लिपीचे. त्यात देवनागरी लिहिता यावी यासाठी यंत्रात ‘जिस्ट’ नावाचे कार्ड बसविले जाई. या तंत्राचे मूळ कानपूरच्या आयआयटीत झालेल्या संशोधनात आहे आणि पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ते विकसित केले. भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली ठरविण्यात आली आणि १९९१ साली तिला भारतीय मानकाचे रूप मिळाले. इंग्रजी अक्षरांना पहिले १२८ संकेत आणि भारतीय अक्षरांना पुढील १२८, अशी तिची वाटणी आहे.

जिस्ट कार्ड नसलेल्या यंत्रावर अशी फाइल उघडली की परकी, स्वरचिन्हांकित अक्षरे आणि रेघोट्या दिसतात. ‘फाइल खराब झाली’ असे समजून ती पुसण्याचा मोह येथेच होतो. प्रत्यक्षात त्या रेघोट्यांमागे गावांची व माणसांची नावे जशीच्या तशी असतात. आज वापरात असलेल्या युनिकोडमधील देवनागरीचा विभाग इस्कीच्याच पायावर रचलेला असल्याने अशा मजकुराचे रूपांतर करता येते. तेव्हा न वाचता येणारी फाइल ही टाकाऊ फाइल नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे.

हीच गोष्ट इतर फाइलींची. नावाच्या शेवटी ‘डीबीएफ’ ही तीन अक्षरे असतील तर ती डीबेस किंवा फॉक्सप्रो या आज्ञावलीतील नोंदपत्रके होत. वेतनपट, सभासदांच्या याद्या, पाणीपट्टीचे हिशेब या प्रकारात आढळण्याचा संभव मोठा. अशी फाइल आजच्या संगणकावर ‘लिब्रेऑफिस’ या विनामूल्य आज्ञावलीत उघडते. तिच्याच नावाची ‘डीबीटी’ फाइल असल्यास तीही सोबत न्यावी, कारण लांब शेरे तीत साठविलेले असतात. फ्लॉपींवर ‘बॅकअप’ या आज्ञेने घेतलेला साठा मात्र तसाच उघडत नाही. तो डॉसच्याच ‘रीस्टोअर’ आज्ञेने, फ्लॉपींच्या क्रमानुसार, परत घ्यावा लागतो. म्हणून क्रमांक घातलेल्या फ्लॉपींचा संच कधीही फोडू नये.

सराव कोठे करावा

जुन्या यंत्रावर शिकणे म्हणजे मूळ सातबाऱ्यावर अक्षर गिरविण्यासारखे आहे. सराव नव्या संगणकावर करावा. जिम हॉल यांनी १९९४ साली सुरू केलेली ‘फ्रीडॉस’ ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि तिच्या बहुतेक आज्ञा एमएस-डॉससारख्याच आहेत. ‘डॉसबॉक्स’ ही आज्ञावली आजच्या संगणकातच एक लहानसा डॉसचा संगणक उभा करते. विंडोजमधील ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्येही डीआयआर, सीडी, कॉपी या आज्ञा आजही चालतात. शाळेतील संगणक कक्षात मुलांकडून असा सराव करून घेतल्यास चित्रांच्या मागे यंत्र कसे विचार करते हे त्यांस समजते, हा आणखी एक लाभ.

सरावासाठी एक कप्पा उघडावा, त्यात दोन-चार फाइली लिहाव्यात, त्यांच्या प्रती काढाव्यात, एक मुद्दाम चुकीच्या नावाने मागावी आणि आलेला संदेश वहीत टिपून ठेवावा. चार दिवस रोज अर्धा तास दिला तरी प्रॉम्प्टची भीती जाते.

कामाचा क्रम

प्रत्यक्ष जुन्या यंत्रास हात लावताना पुढील क्रम पाळावा. यंत्र कोठून आले व कोणी वापरले याची टीप करावी. सुरू होताना पडद्यावर येणारी प्रत्येक ओळ जशीच्या तशी लिहून घ्यावी अथवा तिचे छायाचित्र घ्यावे. कोणत्या पायरीवर काम थांबले ते ठरवावे. प्रॉम्प्ट मिळताच अन्य काहीही न करता फाइलींची यादी घ्यावी व प्रती काढाव्यात. साडेतीन इंची फ्लॉपी वाचणारे यूएसबीवर चालणारे उपकरण नव्या संगणकास जोडता येते. त्यावरून प्रती नव्या संगणकावर घ्याव्यात आणि त्या उघडतात की नाही हे पाहावे. त्यानंतरच दुरुस्तीचा विचार करावा. निर्लेखनाचा प्रस्ताव आला तर त्यावर एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘यातील नोंदी काढून घेतल्या काय?’

वेतनाच्या नोंदीसाठी आलेल्या त्या भगिनीस यंत्राची आवृत्ती कोणती याच्याशी कर्तव्य नसते. तिला तीन वर्षांचे आकडे हवे असतात, आणि ते आकडे कदाचित त्या काळ्या पडद्यामागे अजूनही सुखरूप असतात. अडकलेली फ्लॉपी काढून एक कळ दाबण्याइतके ज्ञान कार्यालयात एका जरी व्यक्तीपाशी असले, तरी तिला रिकाम्या हाती परत जावे लागणार नाही.